दहा-वीसनंतरची गाडी

मला हवं होतं इतकंच : सकाळी 10:20 नंतरची पहिली एसटी कोणती, हे प्रोग्रॅमने सांगावं. पायथन नुकतंच शिकायला घेतलं होतं. डिक्शनरीत वेळ आणि गाडी अशा जोड्या भरल्या. 10:30ची गाडी विचारली की उत्तर चटकन हजर. पण ‘10:20 नंतरची कोणती?’ हे विचारायची सोयच नाही! डिक्शनरी हॅशवर चालते. अचूक किल्ली द्या, कप्पा उघडेल. शेजारच्या कप्प्याची तिला खबर नसते. 3.7 आवृत्तीपासून ती क्रम राखते म्हणे, पण तो भरल्याचा क्रम, लहान-मोठ्याचा नव्हे.

“अगं, ट्रीमॅप वापर की,” मैत्रीण म्हणाली. किल्ल्या झाडासारख्या रचनेत क्रमाने ठेवणारा हा मॅप जावामध्ये निघाला. सी प्लस प्लसमध्ये तर उलटाच प्रकार : क्रमवार ‘मॅप’ 1998च्या प्रमाण आवृत्तीतच होता, हॅशवाला 2011 मध्ये आला. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत मात्र असं झाड नाहीच. बायसेक्ट आहे. तो क्रमवार यादीत जागा झटपट शोधतो, पण नवी नोंद मध्ये घुसवायची तर पुढच्या सगळ्या नोंदींना एकेक घर सरकावं लागतं. सॉर्टेडकंटेनर्स नावाचं बाहेरचं पॅकेज लोक आनंदाने वापरतात. त्याच्या आत डोकावले, तर तिथेही झाड नाही, छोट्या छोट्या याद्यांची एक यादी! आणि तरी ते झकास पळतं. आता बोला.

मग हट्टाने रस्ट भाषेकडे वळले. तिथे बीट्रीमॅप आहे. त्याच्या एकेका गाठीत 11 पर्यंत किल्ल्या मावतात. मी 10:20 ची 620 मिनिटं केली, 620 पासून पुढची रेंज मागितली आणि त्यातली पहिली नोंद उचलली. साडेदहाची गाडी!

त्याच जोशात थांब्यांची अंतरं भरायला घेतली. पहिलाच थांबा 12.5 किलोमीटरवर, आणि कंपायलर अडून बसला : एफ64 ला, म्हणजे दशांश संख्यांच्या प्रकाराला, ऑर्ड (पक्का क्रम लावण्याची हमी) नाही. साडेबाराची तुलना करता येत नाही? येते की. खोट आहे ती नॅनची, म्हणजे ‘संख्या नसलेल्या’ दशांशाची. तो कुणापेक्षा लहान नाही, मोठा नाही, स्वतःच्याही बरोबरीचा नाही. झाड तर प्रत्येक गाठीशी ‘अलीकडे की पलीकडे?’ एवढंच विचारत खाली उतरतं. नॅनने काय उत्तर द्यायचं? म्हणून रस्ट अशी किल्ली दारातच थोपवतं.

खात्रीसाठी पायथनला 3, नॅन, 1 ही यादी क्रमाने लावायला सांगितली. त्याने जशीच्या तशी परत दिली. तक्रार नाही, काही नाही. हे पाहिल्यावर मला तो खडूस कंपायलरच बरा वाटला.

तुम्हीही शिकायला बसला असाल, तर अंतरं मीटरमध्ये, पूर्णांकात ठेवा. 12.5 ऐवजी 12500 लिहा. बीट्रीमॅप कुरकुर न करता घेतो.