हिमोग्लोबिन १९.८

सबमिशनचा आठवडा होता. रात्री साडेअकराला मी जर्नल पूर्ण करत (म्हणजे पार्टनरचं उतरवत) बसलो होतो आणि काकांचा फोन आला. "घाबरू नकोस, पण सकाळच्या पहिल्या गाडीने ये. बाबांचा उजवा हात उचलत नाहीये. तोंड वाकडं झालंय."

बाबा साखर कारखान्यात पॅन सेक्शनला. वय ५२. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखूला कधी हात लावला नाही. मेंदूत गुठळी अडकली हे कळलं, पण एवढ्या धडधाकट माणसाला का, ते कळेना. शेवटी एका डॉक्टरांनी साध्या सीबीसीच्या कागदावर बोट ठेवलं. हिमोग्लोबिन १९.८, हिमॅटोक्रिट ५९.

आदल्या वर्षी तपासणी शिबिरात ते १९.१ आलं होतं. रिपोर्ट मीच वाचून दाखवला होता. "बाबा, आमच्या अख्ख्या मेसमध्ये एवढं रक्त कोणाचं नसेल!" आई खूष. पुरुषाचं १६.५ च्या वर गेलं तर कारण शोधायचं असतं, हे मला आता ठाऊक झालंय. आंघोळ झाली की बाबांच्या अंगाला खाज सुटायची. आईने तीन साबण बदलले. चेहरा लालबुंद, त्याला आम्ही तब्येत समजायचो.

आजाराचं नाव पॉलिसायथेमिया व्हेरा. रक्ताचा कॅन्सरच, पण सावकाश चालणारा. हाडांतला मगज गरज नसताना तांबड्या पेशी बनवत सुटतो. सुमारे ९५ टक्के रुग्णांत जॅक-२ नावाच्या जीनमध्ये एक ठराविक बदल असतो, तो २००५ साली सापडला. बाबांचीही टेस्ट पॉझिटिव्ह आली. कित्येकांना आजाराचा पत्ता असा गुठळी झाल्यावरच लागतो.

बाबांना समजावताना मी फ्लुइड मेकॅनिक्स पाजळलं. व्हिस्कॉसिटी, पाइपचा व्यास वगैरे. ते अडखळत म्हणाले, "म्हणजे मळी घट्ट झाली की पंपावर लोड येतो, तसं ना?" व्हायव्हात मला एवढं सुचलं असतं तर! (चिकट प्लेटलेट्सचाही यात हात असतो, पण मी गप्प बसलो.)

उपचार ऐकून आईला धक्काच बसला. रक्त काढून टाकायचं! हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली येईपर्यंत आणि पुढेही लागेल तसं. शिवाय ऍस्पिरिनची छोटी गोळी आणि हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल.

पहिल्यांदा पिशवी भरली तेव्हा मी शेजारी होतो. आपल्या एन.एस.एस.च्या शिबिरात भरते तशीच पिशवी. बाबांनी सिस्टरना विचारलं, "कोणाला चालेल का हे?"

"नाही काका, फेकून द्यावं लागतं."

बाबा बराच वेळ पिशवीकडे बघत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे मळीसुद्धा फुकट जात नाही हो."

पुढची तारीख १८. त्याच दिवशी माझा एम-थ्रीचा पेपर आहे, म्हणून काका जाणार आहेत. मला जायचं होतं.