मुहूर्त नसलेला मे

2024च्या मे महिन्यात गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता. लग्नाचे मुख्य मुहूर्तच नव्हते. अडीनडीचे म्हणून काही दिले होते, त्यांवर कुणी कुणी उरकून घेतलं. पण दाते पंचांग आमच्या सोलापुरातून निघतं, त्याला न विचारता तारीख धरणारी माणसं आमच्या भागात कमीच. मी कुर्डुवाडीत घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. एरवी मे म्हटला की ब्लाउजपीसचे ढीग, पिको-फॉलच्या साड्या, आणि दारात उभी राहून "ताई, उद्या हळद हाय, बाही लई आवळतीय" म्हणणारी एखादी नवरी. त्या वर्षी दुपारी बारालाच हात रिकामे व्हायचे. पैशाच्या दृष्टीने महिना वाईटच गेला. परसात मात्र इतका वेळ मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

परस सासऱ्यांनी केलेलं. ते इथल्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, लहान गाडीच्या काळातले. लहान गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांवरची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये ती इथून बार्शीपर्यंत चालू केली, तेव्हा आमच्या स्टेशनला बार्शी रोड म्हणायचे. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, 1927 मध्ये मिरजेला पोचली. आता सगळा मार्ग ब्रॉडगेज झालाय आणि लहान गाडी फोटोत उरलीय. पण आमच्या परसात तिचा मार्ग अजून ओळखू येतो. तुळस पंढरपूरची. सीताफळ येडशीच्या डोंगरातलं. आणि मोरीच्या अंगाला शेवग्यावर चढवलेली नागवेल मिरजेच्या बाजूची, आरग-बेडगच्या पानमळ्यातली. ओळखीचा गार्ड असला की ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कांडी डब्याच्या कोपऱ्यात बसून यायची, असं सासरे सांगायचे. लिंबू आणि कढीपत्ता तेवढे गावातलेच.

नागवेल हे कुर्डुवाडीचं झाड नव्हे, हे मीही मान्य करते. पानमळ्यात तिला शेवरी-पांगाऱ्याची दाट सावली असते, पायाशी कायम ओल असते. आमच्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही आला तर. मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, आणि वारं असं की दोरीवरची ओली साडी काढायला जावं तोवर वाळून कडक. जमीन चुनखडीची. लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत कमी पडलं म्हणून लोक आणखी खत घालतात आणि झाड आणखी बिघडवतात. चुनखडीत लोह असून झाडाला उचलता येत नाही, खतानं ते कसं भागणार? मी शेणखत आणि पालापाचोळा कुजवून घालते, कढीपत्त्याला आंबट ताकाचं पाणी देते. त्यानं निभतं.

त्या मेमध्ये खरा प्रश्न पाण्याचा होता. आधीच्या वर्षी पाऊस कमी झालेला. उजनी धरण भरलं तर 117 टीएमसी, पण त्यातलं त्रेसष्टच्या वर मृतसाठ्यात जातं. म्हणून आमच्या जिल्ह्यात धरण शून्यावर आलं तरी संपत नाही, ते उण्यात जातं. बाहेरच्याला हे कळत नाही, आमच्याकडे शाळकरी पोरगंसुद्धा "उजनी मायनस किती?" म्हणून विचारतं. त्या वर्षी पावसाळा लागेपर्यंत ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते बघायला गाड्या करून माणसं जातात. मला काही जावंसं वाटलं नाही. नळ दिवसांआड यायचा, कधी जास्त खंड पडायचा, आणि गल्लीत टँकर आला की बायकांच्या घागरींआधी पोरांच्या बाटल्या पुढे.

असल्या महिन्यात बाग वाढवायची नसते, जगवायची असते. मोबाइलवर बागेचे व्हिडिओ करणारे पुण्या-मुंबईच्या बाल्कनीतून सांगतात, उन्हाळ्यात दोन वेळा भरपूर पाणी द्या. त्यांना नमस्कार. आमच्याकडे आधी ठरवावं लागतं की पाणी कुणाला द्यायचं नाही. सदाफुलीला देत नाही, ती मेल्यासारखी दिसते पण मरत नाही. कोरफडीला नाही. गुलाब मी मार्चमध्येच देऊन टाकले; ज्या मैत्रिणीच्या घरी बोअर आहे तिच्याकडे गेले. सीताफळ उन्हाळ्यात पानं टाकून बसतं, त्याला आठवड्याला एक बादली पुरते. उरले मोगरा, लिंबू, कढीपत्ता, तुळस आणि नागवेल. मोगऱ्याला पाणी मोजकंच दिलं तरी तो मेमध्ये फुलतो, उलट ऊनच त्याला मानवतं.

पाणी घरातून फिरून परसात जायचं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, साबण न लागलेलं सगळं बादलीत. साबणाचं अळवाला आणि कर्दळीला. कूलर मात्र माझ्या डोळ्यांवर येतो. घरातल्या माणसांना गार वारं देता देता तो एका रात्रीत जेवढं पाणी पितो तेवढ्यात माझं परस दोन दिवस निघेल. पण हे बोलून दाखवलं की नवरा म्हणतो, "मग झाडांशेजारीच झोप." झोपले असते, पण डास.

शिवणकामाचा बागेला उपयोग होतो हे मला त्या महिन्यात नीट कळलं. खोलीत चिंध्यांची पोती साठलेली असतात. अस्तराचं सुती कापड लांब पट्ट्यांनी फाडून पीळ दिला की चांगली वात होते. घरातला फुटका माठ नागवेलीच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरला, बुडाला भोक पाडून त्यात ती वात घट्ट बसवली आणि वर झाकण ठेवलं. वरून घातलेल्या पाण्यातलं अर्धं उन्हानं जातं. माठातलं मुळाशी झिरपत राहतं. टेरिकॉट-नायलॉनच्या चिंध्या या कामाच्या नाहीत, त्या पाणी ओढत नाहीत आणि मातीत कुजत नाहीत. झाडांभोवती मात्र मी चिंध्या नाही, पाचट पसरते. माढा तालुका उसाचा; शेतातलं पाचट पेटवून देण्यापेक्षा न्या म्हणणारे शेतकरी भेटतात. बोटभर जाड थर दिला की माती दुपारीही हाताला गार लागते. पश्चिमेकडून ऊन अडवायला तीन जुन्या साड्या जोडून पडदा शिवला. मजुरी अर्थातच शून्य.

मैत्रिणींची नावं लिहायची नाहीत असं त्यांनीच बजावलंय, त्यामुळे कामावरून सांगते. एक दवाखान्यात नर्स, एक शाळेत बाई, एकीचा नवरा वर्कशॉपात. चौथी पुण्याला असते, मेमध्ये माहेरी येते. हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री उतरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर. 7 मेला लोकसभेचं मतदान होतं. ऊन चढायच्या आत म्हणून सकाळी सातलाच रांगेत उभ्या राहिलो आणि शाई लावून सरळ बाईंच्या गच्चीवर गेलो, कारण कुरडयांचा चीक तयार होता. गहू तीन दिवस भिजवलेले, रोज पाणी बदललेलं, वाटून-पिळून रात्रभर चीक बसवलेला. सकाळी वरची निवळी ओतून टाकायची असते. ती मी कधी टाकू देत नाही. आंबूस असते, दुप्पट पाणी घालून जास्वंदीला आणि लिंबाला चालते. बाईंच्या सासूबाई म्हणाल्या, "ही चीक खायला न्हाय, पाणी न्यायला येतीय." चीक पण खाल्ला, दूध-गूळ घालून. सोऱ्या फिरवायचं काम नर्सबाईंकडे, कारण मनगटात जोर तिचाच. त्या उन्हात कुरडया संध्याकाळपर्यंत उचलता येतात, तेवढा एक फायदा.

10 मेला अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखितीला आळी करून वेलांच्या बिया टोकायची रीत आहे. दोडका, कारलं, घोसाळं, भोपळा. पावसाआधी महिनाभर वेल उगवून मुळं धरतो आणि मृग लागला की धावतो, हा त्यामागचा हिशेब. पाणी असेल तर तो बरोबरच आहे. त्या वर्षी मी दोनच आळी केली, एक दोडक्याचं, एक भोपळ्याचं. वर्कशॉपवाल्या मैत्रिणीनं हौसेनं सगळं परस टोकलं आणि पंधरा दिवसांनी टँकरच्या मागं घागर घेऊन पळत होती. तिला त्यावरून अजून चिडवतो.

महिन्याच्या मध्यापासून शाळेच्या गणवेशांची कामं सुरू झाली. पोरांच्या पँटला दोन इंच दुमड सोडून द्या म्हणून प्रत्येक आई सांगते, न सांगताही मी सोडतेच. लाइट गेली की मोटर बंद. पायमशीन अजून ठेवलीय ती त्यासाठी. दुपारी दारं लावून मशीन चालवायची आणि पाचनंतर परसात जायचं, असा क्रम बसला.

21 मेला संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं. माझा साड्यांचा पडदा फाटून शेजारच्या पत्र्यावर जाऊन पडला, शेवग्याची फांदी मोडली आणि तिच्याबरोबर नागवेलीचा वरचा शेंडा खाली आला. पाऊस चार थेंब. त्याचं वाईट वाटायलाही वेळ मिळाला नाही, कारण रात्री बातमी आली. कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट त्याच वाऱ्यात उजनीत उलटली होती. करमाळ्याच्या बाजूची माणसं इंदापूरकडे जायला हे पाणी ओलांडतात, रस्त्यानं फार मोठा वळसा पडतो म्हणून. सहा जण गेले. उणं उणं म्हणून ज्या धरणाचे आकडे आम्ही महिनाभर बोलत होतो, त्यात माणूस बुडण्याइतकं पाणी होतंच. दोन दिवस शोध चालला होता आणि गल्लीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

शेंडा मोडल्यावर नागवेलीनं खालच्या पेरांतून दोन नवे फुटवे काढले. ते वाऱ्यामुळे नव्हे, माठामुळे, असं माझं मत. नर्सबाई म्हणतात छाटणी झाली म्हणून. दोन्ही खरं असेल. रोहिणी नक्षत्रात एक बरा पाऊस पडला, पाचट भिजलं, आणि 6 जूनला मान्सून रत्नागिरी-सोलापूरपर्यंत आल्याचं हवामान खात्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मृग. दोडका तोवर वीतभर झाला होता. मैत्रिणीच्या घरचे गुलाब परत आणायचे होते, पण ते तिथं इतके फुलले होते की मागायची लाज वाटली. अजून तिच्याकडेच आहेत.

त्यानंतर नागवेलीला दरवर्षी माठ पुरते. कुणाला वेल लावायची असेल तर जुलै-ऑगस्टात माझ्याकडे कांड्या निघतात. चार-पाच पेरांची कांडी घ्यावी, दोन पेरं मातीत आडवी दाबावीत, चढायला शेवगा नाहीतर पांगारा हाताशी असावा. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेची सावली लागतेच. ती सोय आधी करा आणि मग कांडी मागायला या.