लाईन

आमच्या गावात 'लाईन' हा शब्द दिवसातून किती वेळा निघतो याचा हिशेब नाही. वीज आली की लाईन आली, गेली की लाईन गेली. राशनच्या दुकानापुढं उभं राहायचं ते लाईनीत. विहिरीचं पाणी वावरात जातं ते पाईपलाईननं. बडनेऱ्याहून वर्ध्याकडं गाड्या जातात ती रेल्वे लाईन. पोलिसांची घरं असतात ती पोलीस लाईन. खांबावर चढतो तो लाईनमन. पोरगं एखाद्या पोरीच्या मागं फिरत असलं तर ते लाईन मारतं, आणि सुधारलं तर लाईनीवर आलं. सोयरीक घेऊन गेलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोरगा कोन्या लाईनले हाय?" मास्तर, पोलीस, किराणा दुकान, गाडीवर ड्रायव्हर, काहीही चालतं. शेती म्हटलं की पाहुणे कपातला चहा तसाच ठेवतात. शेती ही लाईन धरली जात नाही.

माझी माय शाळेची पायरी चढली नव्हती, पण हा शब्द ती या सगळ्या अर्थांनी बिनचूक वापरायची. आपल्याजवळ शब्द नव्हते असं नाही. पाटीवर रेघ, वहीत ओळ, माणसांची आणि मुंग्यांची रांग, वावरात तास. चौघांची कामं एकट्या लाईननं उचलली. तास तेवढं बरेच दिवस टिकलं होतं. आता ट्रॅक्टरवाली पोरंही म्हणतात, "काका, दोन लाईनी सोडून पेरू काय?"

तासावरून बाची शिकवण आठवते. मला तिफणीवर उभं केलं तेव्हा बा म्हणाला, "बैलाकडे पाहू नको, खाली पाहू नको. धुऱ्यावरच्या बाभळीवर नजर ठेव. तास आपोआप सुधं येते." आणि येतही होतं. तास वाकडं गेलं की पुढं डवरणीला त्रास, डवऱ्याची पास पिकावर चढते. शिवाय येणारा-जाणारा धुऱ्यावरून पाहून हसतो ते वेगळं. पुष्कळ वर्षांनी एक शब्द कळला आणि बा आठवला. ताप डोक्यात गेला की माणूस बरळतो, त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हा शब्द लॅटिन. लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे नांगराचं तास. तासाच्या बाहेर गेला तो भ्रमिष्ट झाला, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे तिकडचेही नांगरामागं चालणारे बासारखाच विचार करत होते.

लाईन कुठून आली हे मला नातीच्या शाळेतल्या जाड इंग्रजी शब्दकोशात सापडलं. मी दहावीपर्यंतचा माणूस, इंग्रजीशी दुरूनच रामराम. पण शब्दाच्या शेवटी त्याचं मूळ बारीक अक्षरात दिलेलं असतं, ते वाचायची मला गोडी लागली. लाईनच्या खाली लिहिलं होतं की हा शब्द लॅटिन 'लिनिया'वरून आला. लिनिया म्हणजे सुती नव्हे, लिननचा दोरा. आणि तो दोरा ज्या झाडाच्या सालीतून निघतो ते झाड 'लायनम'.

लायनम म्हणजे आपलं जवस! ज्याची चटणी भाकरीसोबत खाल्ली, ज्याच्या घाणीच्या तेलावर आमच्या घरची फोडणी झाली, तेच. शास्त्रज्ञ त्याला लायनम युसिटॅटिसिमम म्हणतात. त्या लांबलचक दुसऱ्या नावाचा अर्थ सगळ्यांत जास्त उपयोगाचं. लिनीअस नावाच्या स्वीडनच्या पंडितानं 1753 मध्ये ते छापलं. म्हणजे खांबावरची तार, राशनची रांग, रेल्वेचे रूळ आणि पोरांच्या खोड्या, सगळ्यांचं मूळ आमच्या हरभऱ्यातल्या त्या निळ्या फुलांच्या तासात.

यात एक गंमत आहे. आम्ही जवस पेरलं ते दाण्यासाठी. दाण्याचं जवस ठेंगणं, फांद्याफांद्यांचं असतं. धाग्याचं जवस उंच, सरळ आणि फांद्या कमी. मिसर देशात हजारो वर्षांपूर्वी राजांची प्रेतं गुंडाळली ती याच धाग्याच्या कापडात. काढणीनंतर काड्या पाण्यात कुजवायच्या, मग कुटून साल आणि धागा वेगळा करायचा. हे वाचलं तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडं अंबाडीचं हेच करत. पेंढ्या बांधून नदीच्या डोहात दाबून ठेवायच्या, वर दगड ठेवायचे. दिवस भरले की आजूबाजूला असा वास सुटायचा की नाक धरून चालावं लागे. मग वाख सोलायचा, धुवायचा, वाळवायचा आणि पावसाळ्यात ओसरीवर बसून दोर वळायचे. दावी, कासरे, चऱ्हाटं सगळी घरची. त्यांनी जवसाचा दोर वळला, आम्ही अंबाडीचा. त्यांच्या दोराचं नाव जगभर झालं, आमचा वाख नायलॉननं मारला.

एकदा हे मूळ हाती लागलं की बाकीची गाठोडी आपोआप सुटतात. कोटाला आतून लिनन लावत, म्हणून अस्तर झालं लायनिंग. जवसाचं बी ते लिनसीड. त्याच तेलापासून जमिनीवर अंथरायचं लिनोलियम झालं. दोरी ताणली की सरळ रेघ दिसते, म्हणून रेघ लाईन झाली. इंग्रजांच्या पलटणीचे तंबू, बराकी रेघेत असत, म्हणून ती वस्ती लाईन्स. नागपूरचं सिव्हिल लाईन्स, मुंबईचं मरीन लाईन्स ही नावं त्यातलीच. आणि आपला गवंडी भिंत उचलताना दोन्ही टोकांना विटेला बांधतो ती लाईनदोरी. लाईन म्हणजेच दोरी, म्हणजे गवंडी दोरीदोरी म्हणतो. पण माझ्या मते हा शब्द त्याच्या जुन्या घरी त्या गवंड्याच्याच हातात राहिला आहे.

सगळीच कुळकथा अशी गोड नाही. सोसायटीचं कर्ज भरायची शेवटची तारीख, तिला आता डेडलाईन म्हणतात. हा शब्द अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळचा. 1864 मध्ये जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथं कैद्यांची मोठी छावणी होती. कुंपणाच्या आत थोड्या अंतरावर एक ठेंगणा लाकडी कठडा. तो ओलांडला की पहारेकऱ्यानं गोळी घालायची. ती डेडलाईन. आता वर्तमानपत्रवाले आणि बँकवाले सहज बोलून जातात. आमच्या विदर्भात मात्र ती तारीख गेल्यावर किती घरांत काय काय झालं हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. इथं तो शब्द जुन्या अर्थानंच लागू पडतो.

लाईनीची माझी पहिली आठवण 1972 च्या दुष्काळाची. रोजगार हमीच्या आधीची दुष्काळी कामं होती. माय खडी फोडायला जायची, मी सुकडीच्या लाईनीत वाटी घेऊन उभा राहायचो. राशनला मिलो यायचा, तांबडी अमेरिकन ज्वारी. लाईनीत जात-पात विसरून सगळे उभे राहत, कारण भूक सारखी होती. पुढं वावरात वीज आली तेव्हा वाटलं, आता लाईनीत उभं राहायचं संपलं.

पण लाईन यायची ती आठवड्यातले काही दिवस रात्रीच. थंडीत कांबळं पांघरून, हातात बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायचं. अशाच एका रात्री माझा चुलतभाऊ ओल्या वावरात पडलेल्या तारेवर गेला. सकाळी आम्ही गेलो तेव्हा दारं फुटून पाणी धुऱ्याबाहेर वाहत होतं आणि दिव्याची बॅटरी बांधावर जळतच होती. त्यानंतर काकूनं तो शब्द कधी उच्चारला नाही. घरात उजेड आला की पोरं ओरडायची, "लाईन आली!" काकू म्हणायची, "बत्ती आली म्हणा रे." ती वारली तोपर्यंत तिच्या घरात बत्तीच यायची. शब्दकोशात शब्दाचे तीस-चाळीस अर्थ देतात, पण काकूचा अर्थ कोणी लिहून ठेवणार नाही, म्हणून इथं लिहिला.

जवस आमच्या शिवारातून हळूहळू गेलं. आधी सोयाबीन, मग कपाशीला पाणी, मग हरभरा मशीननं काढायचा म्हणून त्यात दुसरं तास नको. घाणी बंद पडली, तेलाचा डबा बाजारातून आला. आता तेच जवस शहरात फ्लॅक्ससीड नावानं पुड्यांतून विकतात. डॉक्टर सांगतात, रोज चमचाभर खा. सूनबाईनं अशी पुडी आणली तेव्हा मी दाणे हातावर घेऊन पाहिले. तेच तांबूस, चपटे, बोटांतून निसटणारे.

मागच्या रब्बीत मी हरभऱ्यात सरत्यानं जवसाची चार तासं टाकली. मुलगा म्हणाला, "बाबा, यात काय उरते?" उरत काही नाही, चटणीपुरतं होतं. पण पौषात सकाळी सकाळी वावरात गेलं की चार निळ्या रेघा दिसतात. दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, म्हणून मी नातीला उन्हं चढायच्या आधी नेतो. तिला म्हटलं, "ही पाहा, खरी लाईन."