कागदावरचे नाव

जून महिन्यात शाळा उघडली की पहिले आठ-दहा दिवस माझे निम्मे काम कारकुनाचे असते. नवी हजेरी, नवे अर्ज, नवे दाखले. आठवीच्या वर्गात दुसऱ्या शाळांतूनही मुले येतात. त्यांना एकेक करून जवळ बोलावते आणि अर्ज तपासते. गेल्या वर्षी एका मुलाच्या अर्जात आईच्या नावाची जागा कोरी होती.

"तुझ्या अम्मीचे नाव काय?" मी विचारले.

तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "अम्मी."

सारा वर्ग हसला. मी पुन्हा विचारले, "घरात तिला काय म्हणून हाक मारतात?"

"अब्बा 'अजी, सुनती हो' म्हणतात. दादी 'दुल्हन' म्हणते. शेजारच्या बायका 'मुन्ने की अम्मी' म्हणतात."

मग मी साऱ्या वर्गाला विचारले, "तुमच्यापैकी किती जणांना आपल्या दादीचे आणि नानीचे नाव ठाऊक आहे?" सहा हात वर आले. आता कोणी हसत नव्हते.

मलाही त्या मुलाला हसता आले नाही. कारण माझ्या फूफीचे नाव मला नववीत असताना कळले, आणि तेही एका सरकारी कागदावरून!

त्या वर्षी माझे दादा वारले. दादी आधीच गेली होती. मागे उरले ते एक जुने कौलारू घर आणि तीन मुले. अब्बा, चाचा आणि फूफी. फूफीचे लग्न होऊन ती दुसऱ्या गावी राहत होती. एके दिवशी तिला बोलावून घेतले. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचे होते. अब्बांच्या हातात एक मराठी कागद होता. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात, हे मला पुढे समजले. वडिलांच्या मिळकतीतला आपला हक्क मी राजीखुशीने सोडत आहे, असा त्याचा अर्थ.

फूफी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मराठी तिला बोलता येई, पण वाचता येत नसे. तिने मला विचारले, "बेटी, यात काय लिहिले आहे?" मी कागद हातात घेतला. पहिल्याच ओळींत तिचे नाव होते, सकीना. मी सारे वाचले होते आणि मला थोडेफार समजलेही होते. पण अब्बा जवळच उभे होते. मी म्हटले, "घराचा कागद आहे, फूफी." तिने खाली उर्दूत सही केली. वळणदार अक्षर होते तिचे.

घरी परतताना चाचा म्हणाले, "तिला कशाला हवा हिस्सा? तिचे लग्न झाले आहे." फूफीही म्हणाली, "मला भाऊ हवेत, भिंती नकोत."

विद्यार्थी मित्रांनो, कुराणातील चौथ्या सूरेचे नावच 'अन्-निसा' म्हणजे 'स्त्रिया' असे आहे. आईबापांच्या संपत्तीत मुलीचाही वाटा आहे, हे तीत सांगितले आहे. मुलाला दोन भाग तर मुलीला एक. या हिशेबाने आमच्या घराच्या पाच भागांपैकी एक भाग फूफीचा होता. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा का, असा प्रश्न आज पुष्कळजण विचारतात आणि तो विचारायलाही हवा. पण आम्ही तर तो निम्माही देत नाही! हे केवळ आपल्याच समाजात घडते असे नाही. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली कायद्याने मिळाला. तरी त्यांच्या घरांतही बहिणींकडून हक्कसोडपत्रे लिहून घेतली जातात. कायदा पुस्तकात असतो. सही मात्र घरात मागितली जाते.

पुढे बी.एड. करत असताना मी एका लेखिकेविषयी वाचले. पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी १८८१ साली 'इस्लाहुन्निसा' ही कादंबरी लिहिली. उर्दूत कादंबरी लिहिणारी पहिली स्त्री म्हणून आज त्यांना मान दिला जातो. पण ते पुस्तक छापले गेले १८९४ साली, त्यांचा मुलगा बॅरिस्टर होऊन आल्यावर. आणि त्यावर त्यांचे नाव नव्हते! कोणाची आई, कोणाची मुलगी, कोणाची बहीण एवढेच लिहिले होते. पुस्तक त्यांचे आणि नावे मात्र घरातल्या पुरुषांची. ते वाचताना मला फूफीची वळणदार सही आठवली. एकीला लिहूनही नाव मिळाले नाही. दुसरीचे नाव कागदावर आले, ते केवळ हक्क सोडण्यापुरते.

काही वर्षांनी फूफीचे यजमान वारले आणि ती आमच्याकडे राहायला आली. ज्या घरात ती जन्मली, त्याच घरात ती पाहुण्यासारखी वागे. चहाला साखर घेतानाही अम्मीला विचारी. पंखा लावायचा तरी आधी कोणाकडे तरी बघे. मला ते पाहवत नसे. नववीत मी धरलेले मौन मला टोचत होते.

मी नोकरीला लागले तेव्हा एका रात्री धीर करून विचारले, "अब्बा, उद्या माझ्याकडूनही असाच कागद लिहून घ्याल का?"

अब्बा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवलेही नाहीत. दोन महिन्यांनी त्यांनी चाचांना बोलावले. चाचा तयार झाले नाहीत. आजही ते आमच्याकडे फारसे येत नाहीत, याचे आम्हां सर्वांना वाईट वाटते. मग अब्बांनी स्वतःच्या हिश्श्यातून एक खोली बक्षीसपत्र करून फूफीच्या नावे केली.

नवा कागद आला, तेव्हा फूफीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, "बेटी, यात काय लिहिले आहे?" या वेळी मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सारा कागद वाचून दाखवला. तिच्या नावावर बोट ठेवले. तिने ती तीन अक्षरे वहीत उतरवून घेतली. आता ती मराठीतही सही करते. आणि पंखा लावताना कोणाला विचारत नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी एक नियम झाला आहे. सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, त्यानंतर वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठेवायचा. तुम्ही सारे त्याआधी जन्मलेले आहात. पण आईचे नाव विचारायला आणि लिहायला नियमाची वाट कशाला पाहायची? नाव लिहिले म्हणजे सारे हक्क मिळाले असे नाही. परंतु जिचे नावच ठाऊक नाही, तिचा हक्क कोणाला आठवणार?

तुम्ही मराठी शिकता ते परीक्षेसाठी, असे तुम्हांला वाटत असेल. उद्या तुमच्या घरी असा एखादा कागद येईल आणि तुमची अम्मी, बहीण किंवा फूफी विचारील, "यात काय लिहिले आहे?" तेव्हा माझ्यासारखे करू नका. सारे वाचून दाखवा, मग शेजारी कोणीही उभे असो.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आला. कोऱ्या जागेत त्याने अम्मीचे पूर्ण नाव लिहिले होते. म्हणाला, "बाई, मी विचारले तेव्हा अम्मी आधी हसली. मग म्हणाली, 'आण, मीच लिहिते.' पण मी म्हटले, मला लिहू दे."