वंडूरची टिपणे

अंदमानात मराठी माणूस जातो तो सेल्युलर जेलसाठी. सावरकरांची कोठडी पाहून झाली की टूरवाले वंडूरचा दिवस धरतात. जाळ्या लावलेल्या किनाऱ्यापाशी मगरींपासून सावध राहायचा फलक. तो वाचायचा सोडून लोक त्याच्यासोबत फोटो काढतात!

*

वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, स्थापना १९८३. क्षेत्र २८१.५ चौरस किलोमीटर. आपलं मालवणचं सागरी अभयारण्य जेमतेम २९. बेटं पंधरा, पर्यटकांना खुली दोनच: जॉली बॉय आणि रेड स्किन. तीही आलटूनपालटून, एक उघडं की दुसरं बंद. या उद्यानातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला नियम हाच. त्याला ना यंत्र लागतं, ना मोठा निधी.

*

बोटीत चढण्याआधी प्लास्टिकची झडती. पाण्याच्या बाटलीवर अनामत. रिकामी बाटली परत दाखवली की पैसे परत. उपदेशाने जे होत नाही ते अनामतीने होतं.

*

काचेच्या तळाची होडी. खाली शिंगाळं प्रवाळ, काही जागी तपकिरी, काही जागी नुसता मोडका चुरा. प्रवाळाचा रंग बहुतांशी त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. पाणी तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. १९९८, २०१०, २०१६: अंदमानात हे पुन्हा पुन्हा झालं. वनखातं होड्या थोपवू शकतं, समुद्राचा ताप कसा उतरवणार? निदान दुखण्यात पायांचा तुडवा तरी नको, एवढंच बेट बंद ठेवून साधतं.

*

बेटांवरच्या जंगलाची कथा निराळी. चितळ इथलं नव्हेच, ब्रिटिशांनी आणून सोडलेलं. त्याला खाणारा इथे ना बिबट्या, ना रानकुत्रा, म्हणून कळप वाढतच जातात. शिवाय चितळ पोहून पुढचं बेट गाठतं. रोपं वाढण्याआधीच ते खुडून खातं. पर्यटकाला मात्र हरीण दिसलं की जंगल सुखात आहे असं वाटतं. मगरीला तो भितो आणि चितळाला बिस्किट देतो. जंगलाचं नुकसान कोण करतंय याचा पत्ता नाही.

*

जाणार असाल तर एवढं करा: किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, खिशात घालू नका. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला.