पडक्या बुरुजाचे दगड

वैतरणा जेथे समुद्रास मिळते तेथे उत्तर तीरावर आमचे दातिवरे, आणि समोर पाण्यात अर्नाळ्याचा जंजिरा. १७३७ साली मराठ्यांनी ते बेट घेतले. पुढे बाजीरावांच्या आज्ञेने तेथे किल्ला उभा राहिला, आणि ती आज्ञा दरवाजावर पद्यात कोरलेली असल्यामुळे पाहुण्यास माहितगार लागत नाही. आमच्या तीरावरील पोर्तुगीज कोटांस असे मुख नाही. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम व तारापूर पडले, तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर कामास आले, मे महिन्यात वसई हाती आली. इतके शिकविले की शाळेतला इतिहास संपतो. लहानसहान चौक्या-बुरुज परीक्षेत येत नाहीत, म्हणून ते कोणाच्या ध्यानातही राहत नाहीत.

निवृत्तीनंतर आम्ही रोज सकाळी खाडीकडे फिरावयास जातो. ओहोटीस चिखलावर निवट्या उड्या मारीत असतात, हिवाळ्यात तुतवार पक्षी चोच खुपशीत धावतात, तिवरांची श्वासमुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतात. पण आमचे पाऊल अडते ते पडक्या भिंतीत उगवलेल्या पिंपळापाशी. पाखराच्या विष्ठेतून बी चुन्याच्या भेगेत पडते. मूळ प्रथम दगडांस कवटाळून धरते आणि जाड होताच तेच त्यांस फोडू लागते. झाड उपटावे तर मुळांबरोबर भिंत येते. ठेवावे तरी भिंत जातेच. शिवाय पिंपळावर कुऱ्हाड चालविण्यास मजूरही सहसा तयार होत नाही, हा आणखी एक पेच!

अशाच एका बुरुजावरून मागे खाडीकाठच्या एका गावी ग्रामसभेत खडाजंगी झाली. उधाणाने खारबांध फुटून भातखाचरांत समुद्राचे पाणी शिरले होते. बुरुजाचा एक कोपरा ढासळून घडीव दगडांचा ढीग पडलेला. तो उचलून बांधास घालावा, अशी सूचना आली. सूचना मांडणारा आमचाच जुना विद्यार्थी. आम्ही विरोधास उभे राहिलो तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, दगड उपाशी राहत नाहीत, आम्ही राहतो." सभेत हशा पिकला, परंतु बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. खारे पाणी जमिनीत मुरले म्हणजे पावसाने माती धुऊन निघेपर्यंत भात धड येत नाही.

आम्ही सोपाऱ्याची हकीकत सांगितली. तेथील एका टेकाडास लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणविले, तो आत विटांचा बौद्ध स्तूप व त्यात दगडी करंडा निघाला. करंड्यात बुद्धाच्या आठ लहान मूर्ती होत्या. त्याच साली सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला, आणि नवव्याचा १९५६ साली भुईगावी. दोन्ही फुटके दगडच. दगड पडल्या जागी असेल तोवर साक्षीदार. बांधात गेला की केवळ भर.

"पण आमच्या बुरुजात अशोक कोठला?" असा प्रश्न आलाच. अशोक नसेल; परंतु ते दगड वाहणाऱ्या व रचणाऱ्या हातांची दुसरी नोंद त्या गावी कोठे आहे?

२००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावातील झाडे, मासे, पाखरे यांची लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तीस चार पाने जोडून दगडांचेही मोजमाप व छायाचित्रे ठेवावीत, आणि तोवर ढीग हलवू नये, असे आम्ही सुचविले. बरीच वादावादी होऊन ते मान्य झाले. बांधासाठी सरकारकडे अर्ज करण्याचेही ठरले. अर्ज आम्हीच लिहून दिला, आणि तो वाटेत असतानाच पावसाळा आला.

त्या विद्यार्थ्याची दोन खाचरे यंदा पडीक आहेत. तो आमच्याशी पूर्वीसारखाच आदराने बोलतो, पण थोडके. फुटलेल्या ठिकाणी त्याने चिखलमातीची भर स्वतः घातली आहे. त्याची मुलगी नववीत शिकते. सुटीच्या दिवशी ती टेप घेऊन बुरुजापाशी येते व आम्ही सांगू ते वहीत उतरवून घेते. परवापर्यंत एकसष्ट दगड झाले.