अम्मींची सीट

वऱ्हाडच्या उन्हात बंद गाडीतला वास जास्तच चढतो. आमच्या गाडीत तो उलटीचा होता. अमरावतीहून डायलिसिस करून चांदूर रेल्वेला परतताना अम्मींना आवरलं नाही. रात्री म्हणाल्या, "बेटा, आता मी एस.टी.नं जाईन." ते त्यांना झेपणारं नव्हतं.

हातात दोन दिवस होते. असा डाग गरम पाण्यानं पक्का बसतो. म्हणून थंड पाण्याच्या फडक्यानं टिपला, घासला नाही. ओलसर सीटवर रात्रभर खाण्याचा सोडा ठेवला. तो आंबटपणा मारतो. सकाळी ब्रशनं झाडला. खरा वेळ गेला तो स्पंज आतून वाळवण्यात, ओल राहिली की कुबट वास येतोच. सुगंधी डबी मात्र काढून टाकली. आजारी माणसाला तिच्यानंच मळमळतं, अत्तराचंही तेच. आता सीटच्या खिशात पिशव्या आणि जुना टॉवेल असतो. अम्मी काचेला टेकून झोपतात.